साडूच्या हातातली मान

एकाच रस्त्यावर, अगदी समोरासमोर, दोन साडूंची केस कापायची दुकानं होती. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी, म्हणून गल्लीने एकाला थोरला आणि दुसऱ्याला धाकटा करून टाकलं होतं. आईबापांनी ठेवलेली नावं आता त्यांनाही आठवत नसत.

थोरल्याचं सगळं दुखणं त्याच्या आरशात होतं. न्हाव्याला आरशाकडे तोंड करून उभं राहावं लागतं, आणि थोरल्याच्या आरशात गिऱ्हाइकाच्या डोक्यावरून थेट समोरचं दुकान दिसायचं. तिथल्या बाकावर कोण बसलंय, कोण हसतंय, सगळं. एकदा समोरची गर्दी न्याहाळताना त्याने एका मास्तरांची अर्धी मिशी उडवली. मास्तर सज्जन, उरलेली अर्धीही देऊन गेले आणि पुढच्या वेळी समोरच्या बाकावर दिसले.

त्यात धाकटा देखणा. उन्हात उभा राहिला तर त्याची सावलीसुद्धा भांग पाडून पडायची.

पण एक गोष्ट दोघांनाही चुकवता येत नव्हती. कुठल्याही न्हाव्याला स्वतःच्या मानेवरचे केस कापता येत नाहीत. तिसऱ्याकडे जावं तर आपल्याच धंद्याची शोभा. म्हणून सुट्टीच्या दिवशी, शटर अर्धं खाली ओढून, हे दोघे एकमेकांची दाढी-कटिंग करत. अबोला असला तरी. अबोल्यात ‘मान खाली’ हे बोटाने सांगायचं, एवढाच फरक.

पुढे थोरल्याच्या हातून कंगवा पडायला लागला. मग कात्री. मग सदऱ्याची बटणं बायको लावू लागली. चालताना पाय असे पडत, जणू रस्ता होडीत ठेवलाय. मान खाली घातली की पाठीतून टाचेपर्यंत वीज जायची. त्याने आधी कात्रीला दोष दिला, मग फरशीला, मग चपलांना. शेवटी बायकोने त्याला ओढत दवाखान्यात नेलं.

डॉक्टरबाईंनी गुडघ्यावर छोटी हातोडी मारली तर पाय असा उडाला की त्यांचा चष्मा थोडक्यात बचावला. मग मानेचे फोटो काढले. ते दाखवत त्या म्हणाल्या, “मणक्यांच्या आतून हा मज्जारज्जू जातो. इथे जागा अरुंद झालीय, तो दाबला जातोय. मागच्या बाजूने ऑपरेशन करून जागा मोकळी करावी लागेल.”

“हात पहिल्यासारखा होईल?”

“पुढचं बिघडणं बहुतेक थांबेल. गेलेलं किती परत येईल, ते आधी सांगता येत नाही. धोका थोडा आहेच. पण नाही केलं आणि कुठे धडपडलात, तर हातपाय कायमचे जाऊ शकतात.” मग त्यांनी विचारलं, “वाकून काम करता का?”

“न्हावी आहे. पण हे साडूमुळे झालंय.”

डॉक्टरबाईंनी लिहिता लिहिता पेन थांबवलं आणि त्याच्या बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, “तुम्ही लिहा, डॉक्टर. हे असंच बोलतात.”

घरी येईपर्यंत थोरल्याचा निर्णय झाला होता. ऑपरेशन नाही.

“मानेला पट्टा बांधून मी घरात बसणार, आणि माझी गिऱ्हाइकं कुठे बसणार? त्याच्या बाकावर.”

“आणि तुम्ही पडलात, कायमचे आडवे झालात, तर ती कुठे बसतील?”

“मला दिसणार तरी नाहीत.”

त्याच आठवड्यात सुट्टीच्या दिवशी धाकटा नेहमीसारखा येऊन बसला. थोरल्याच्या बोटांना कात्री कुठे संपते आणि कान कुठे सुरू होतो हेच कळेना. धाकटा उठला तेव्हा डोक्याच्या डाव्या बाजूला जिना झाला होता आणि मानेवरची रेघ मुंगी वाट चुकल्यासारखी गेली होती. त्याने छोटा आरसा मागे धरून पाहिलं, एवढंच म्हणाला, “गार वाटतंय,” आणि गेला.

दुसऱ्या दिवशी समोरच्या बाकावर लोकांनी विचारलं तेव्हा साडूची अब्रू झाकायला तो म्हणाला, “मुद्दाम काढून घेतला. नवी फॅशन आहे.”

आता त्या तोंडाला काय शोभत नाही? बँकेतल्या कारकुनाने तोच जिना मागितला, मग दुधवाल्याने, मग एका नवरदेवाने. धाकट्याने जीव तोडून प्रयत्न केला, पण त्याचा हात वाकडा जाईच ना. शेवटी त्याने सगळ्यांना रस्ता ओलांडून पाठवलं. “हे काम फक्त थोरल्यांकडे होतं.”

थोरल्याच्या दुकानात उभं राहायला जागा उरली नाही. लोक वळणापर्यंत उभे. परगावहून एक जण डोक्यावर टोपी घालून आला आणि जाताना टोपी फेकून गेला. आरशात समोरचा बाक रिकामा दिसायचा, त्यावर एक मांजर. थोरल्याला ते मांजरही आपल्याकडे यायला हवं होतं.

“आता तर मुळीच नाही,” तो बायकोला म्हणाला. “हात सरळ झाला तर हे सगळे परत तिकडे जातील.”

“काल उंबऱ्यात पडलात ते?”

“पडलो नाही. बसलो.”

“तोंडावर?”

पुढच्या सुट्टीला धाकटा आला, खुर्चीत बसला आणि डोकं मागे टाकून त्याने गळा वर केला. “दाढी.”

“दाढ्या बंद केल्यात मी. वस्तरा नको आता.”

“गिऱ्हाइकांच्या बंद केल्यात. मी कधी गिऱ्हाईक झालो, थोरले?”

थोरल्याने फेस लावला. ब्रश फिरतोय तोवर धाकटा झोपून गेला, चक्क घोरायला लागला. थोरल्याने वस्तरा उघडला. तो आपल्या हातात आहे की नाही, हे त्याला बघूनच कळत होतं. फेसाखाली शीर उडताना दिसत होती. समोरचं शटर बंद होतं, आरशात बघायला दुसरं काहीच नव्हतं.

ह्याला माहीत आहे, थोरल्याच्या मनात आलं. डोक्यावर जिना घेऊन हिंडला, म्हणजे ह्याला माझ्या हाताचं सगळं माहीत आहे. तरी गळा देऊन झोपलाय. आणि मी, त्या शिकलेल्या बाईच्या हातात मान द्यायला घाबरतो.

म्हणजे यातही हाच पुढे.

त्याच्या पोटात असं काही पेटलं की आधीची सगळी जळजळ त्यापुढे कोमट वाटावी. त्याने वस्तरा मिटला आणि टॉवेलने सगळा फेस पुसून काढला.

“झाली?” धाकटा डोळे चोळत म्हणाला.

“नाही. घरी जाऊन तुझी तू कर.”

संध्याकाळी त्याने बायकोला सांगितलं, “डॉक्टरबाईंना कळव. तारीख घे.”

ती बघतच राहिली. “अचानक कसं सुचलं?”

“त्याला जमतं आणि मला नाही, असं का व्हावं?”

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मानेवरचे केस काढायचे होते. थोरला अडून बसला की परक्याचा हात नको. डॉक्टरबाई म्हणाल्या, मशीनने काढत असाल तर घरून काढून या, वस्तरा लावायचा नाही. म्हणून शटर अर्धं खाली ओढून थोरला समोरच्या दुकानात, धाकट्याच्या खुर्चीत बसला. जिना मागायला आलेले दोघे रस्त्यापलीकडे त्याच्या स्वतःच्या बंद दुकानापाशी घुटमळत होते. त्याने आरशात त्यांना मन भरून पाहिलं. मग कापड गळ्याशी आलं तसे डोळे मिटले आणि मोठ्याने घोरायला लागला.

“काय करताय?”

“झोपलोय. मला कसली भीती.”

“थोरले, तुम्ही खरे झोपता तेव्हा शिट्टी वाजते,” धाकटा म्हणाला. “इतकी वर्षं याच खुर्चीत ऐकतोय. मान खाली.”

थोरल्याने घोरणं आवरलं. त्याने मान खाली घातली. वीज पाठीतून टाचेपर्यंत जाऊन आली.

“रेघ सरळ काढ,” तो म्हणाला. “दवाखान्यात चार लोक बघतील.”

“माझी सरळच असते.”

“तेच तर,” थोरला म्हणाला.

मशीन सुरू झालं. ते मानेवरून कानापर्यंत गेलं, परत आलं, आणि थोड्या वेळाने त्या आवाजातून एक बारीक शिट्टी ऐकू यायला लागली.