‘फाब्रिकियस’चा लेख

जो सिद्धांत मनुष्य आयुष्यभर शिकवतो, त्यासाठी त्याला एके दिवशी काहीतरी सोडावे लागते. त्या दिवशी ज्याने पाठ फिरवली, त्याला कोणी शिक्षा केली नाही, तरी शिष्याच्या नजरेस नजर देणे जड जाते.

१८४१च्या एप्रिलमध्ये, पदग्रहणानंतर महिन्याभरातच, अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निवर्तले. असे पूर्वी कधी घडले नव्हते. उपाध्यक्षांनी अध्यक्षपदाची शपथ घेतली आणि व्हर्जिनियात वाद पेटला: त्यांच्याकडे येते ते केवळ काम, की पदही? प्राध्यापक लेम्युएल हार्डकॅसल वीस वर्षे शिकवत आले होते, की केवळ काम.

मे महिन्यातील एका दुपारी त्यांचा जुना विद्यार्थी थेरन पिकेट, जो आता एका वर्तमानपत्रात नोकरीला होता, ताजा अंक घेऊन आला. त्याने गुरूचेच मत स्वतःच्या नावाने छापले होते. त्यावर ‘फाब्रिकियस’ या टोपणनावाने कोणीतरी उलट लेख लिहून त्याला अर्धवट ठरवले होते. राजकीय लेखाखाली एखाद्या प्राचीन रोमन पुरुषाचे नाव घालण्याची रीतच होती.

“वाचलंत का, सर? म्हणे मला राज्यघटनेतलं ओ की ठो कळत नाही! संपादक म्हणतात, उत्तर दे, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस.”

“लोक विसरतील रे दोन दिवसांत.”

“विसरतायत कसले! न्हावीसुद्धा ‘या पंडित’ म्हणतो. आणि हा शूर गडी बघा, दोन हजार वर्षांपूर्वी मेलेल्या माणसामागे दडलाय! तुम्ही चार ओळी लिहा, सर. तुमचं नाव बघून त्याची बोबडी वळेल.”

प्राध्यापकांनी मान खाली घातली.

“थेरन, तो मी आहे.”

थेरन हसला. मग त्याचे हसू विरले.

“नव्या अध्यक्षांच्या माणसांनी मला न्यायाधीशपद कबूल केलं होतं,” प्राध्यापक म्हणाले. “पदही येतं, असा लेख तेवढा हवा होता त्यांना.”

“आणि मला अर्धवट म्हणालात ते?”

“माझा संशय येऊ नये म्हणून.”

थेरनने वर्तमानपत्राची घडी घातली. मग त्याने विचारले, “खरं काय, सर? काम, की पद?”

“तुला शिकवलं तेच.”

प्राध्यापकांनी कागद ओढला. ‘तो लेख माझा. पिकेट यांचे म्हणणे योग्य आहे. ते त्यांना मीच शिकवले,’ असे लिहून खाली आपले पूर्ण नाव घातले. न्यायाधीशपद आता मिळणार नव्हते. शाई वाळेपर्यंत थेरन पाठमोरा उभा राहिला. मग कागद घेऊन, हात न मिळवताच निघून गेला.

उशिरा का होईना, खरे लिहिणाऱ्या त्या वृद्धाला शांत झोप लाभो. आणि तो कागद नेणाऱ्या तरुणाच्या मनातील कडवटपणा हळूहळू ओसरो.