बिना जाळीची रिंग

मित्रांनो, मी जुनी आहो, गंजली आहो, एका बाजूनं वाकलीबी आहो. पण खोटारडी नाई. हे पहिलेच सांगून देते, कारण पुढं जे सांगणार आहो ते तुमच्यातल्या अर्ध्यांले पटणार नाई.

मी बास्केटबॉलची रिंग. सध्या कॉलेजच्या सायकल स्टँडमागं भिंतीले टेकून पडली आहो. घोसाळीचा एक वेल माझ्या पोटातून वर गेला आहे. कॉलेजचं नाव नाई सांगत. सांगतलं का आजबी भांडण लागन. देवरीच्या बाजूचं आहे, एवढं बस.

लोकं म्हणतात लोखंडाले जीव नसते. मंग बॉल गेला नाई का शिव्या मलेच काऊन देता?

माझा जन्म कोहमाऱ्याच्या चौकातला. धाब्याच्या बाजूले छोटेलालचं वेल्डिंगचं दुकान होतं. ट्रकातून निघालेल्या सळाखीले त्यानं अर्धा दिवस ठोकून ठोकून गोल केलं. मंग खालून बारा कड्या लावल्या, जाळी बांधाले. बारावी कडी जरा तिरपी बसली. एक ट्रकवाला चहा पेत पाहून राहिला होता.

"ये क्या बना रहे, छोटेलालभाई? चूल्हे का रिंग?"

"कॉलेज का है. इसमें गेंद डालते हैं."

"फिर?"

"फिर नीचे से गिर जाती है."

"तो डालने का मतलब क्या हुआ?"

छोटेलालनं चष्मा वर केला. "मतलब कॉलेजवालों को मालूम. मेरे को नाप मालूम."

मले हसू आलं होतं तेव्हा. आता नाई येत.

तिथून मले इकडं आणलं अन् सिमेंटच्या ग्राउंडावर, लोखंडी खांबाच्या टोकाले, उंच टांगलं. जन्म रोडाकडचा, नांदणं जंगलाकडचं. आमच्या कॉलेजले सारे 'जंगलवाले' म्हणत. कोहमाऱ्याकडच्या कॉलेजले 'रोडवाले'. अन् या दोघांचं साप-मुंगसाचं होतं. कायले होतं हे कोणाले ठाऊक नाई. पण होतं.

दिवाळी झाली का आमच्याकडं गावोगावी मंडई भरते, जत्राच म्हणा. पाहुणे येतात, रातभर दंडारीचं नाच-नाटक होते, शिंगाड्याचे ढीग लागतात. आमच्या गावच्या मंडईच्या दिवशी दुपारी या दोन कॉलेजच्या पोरींची मॅच राहत होती. पोरींची मॅच म्हणून कोणी दात काढले तर त्याची धडगत नव्हती. लगन होऊन गेलेल्या लेकी मंडईले माहेरी येत, कडेवर लेकरू घेऊन ग्राउंडाच्या दोन बाजूले उभ्या राहत, अन् जे ओरडत ते अथी लिहिता येत नाई.

"ओ जंगलवाले, आज अस्वलाले सुट्टी देली का?"

"तुमची बस गेली वाटते, रोडवाल्यांनो. जा ना पायदल."

"तुमच्या गावात नेटवर्क तं येऊ द्या पहिले, मंग बॉल आणजा."

या मॅचची एक रीत होती. जो जितन त्यानं माझी जाळी सोडून घरी न्यायची. पोरी एकमेकीच्या खांद्यावर चढत अन् बारा गाठी सोडत. तिरप्या कडीची गाठ सगळ्यात शेवटी सुटे. मंग पुढच्या मंडईले नवीन जाळी लागे. ती विणे आमचा बिसरामकाका.

बिसरामकाका कॉलेजात शिपाई. ढिवराच्या घरचा. बाप तलावावर मासोळ्या धरे, म्हणून काकाच्या बोटाले जाळं विणणं लहानपणापासून माहीत. मंडईच्या आधी आठ दिवस तो माझ्या खाली बसे अन् पांढऱ्या सुताची जाळी विणे. कोणी मजुरी विचारली का म्हणे, "जाळीले नाव माझं लागते ना, बस झालं." त्याचा शब्द गावात खरा. कॉलेजात काई हरवलं का पहिले काकाले विचारत. काका म्हणे ते झालं.

आता रेणूचं ऐका.

रेणू रोडवाल्यांची कॅप्टन. बाप श्यामलाल, धानाची शेती. पण तिचा मामा आमच्याच गावचा. सुट्टीत ती मामाकडं येई अन् रोज सकाळी माझ्या समोर उभी राही. डाव्या कोपऱ्यातून बॉल फेके. शंभर फेकल्याशिवाय जात नव्हती. शंभर वेळा बॉल आणून देणारा कोण? बिसरामकाका.

"पोरी, तू आमचीच रिंग वापरून आमालेच हरवशीन."

"मंग नका ना बॉल आणून देऊ, काका."

"तसं नाई म्हणलं मी. फेक."

एका सकाळी ती बॉलवर बसली होती. म्हणाली, "काका, यंदा जो जितन त्याच्या कॅप्टनले विद्यापीठाच्या निवडीले नागपूरले पाठवणार आहेत. एकच जागा आहे. बाबा म्हणतात, तिथं गेलीस तं पुढं शीक. नाई गेलीस तं खेळणंबी बस अन् कॉलेजबी बस."

काकानं बॉल फडक्यानं पुसला अन् तिच्या हातात देला.

याच्या आदल्या मंडईले रोडवाले जितले होते. रीतीनं जाळी घेऊन गेले. ते ठीक. पण तिकडच्या पोट्ट्यांनी काय केलं? मळणीच्या वक्ती बैलानं धान खाऊ नये म्हणून तोंडाले मुसकं बांधतात ना, तशी ती जाळी एका बैलाच्या तोंडाले बांधली अन् बाजारातून फिरवली. "जंगलवाल्यांचं मुसकं पाहा," म्हणत. बिसरामकाका त्या दिवशी बाजारात गेला होता. त्यानं पाहिलं. बाजार न करताच घरी आला.

त्यात रेणूचा काई हात नव्हता. हे मले माहीत आहे. काकालेबी माहीत होतं.

मंडईचा दिवस आला. सकाळी भुपेंद्र सर, म्हणजे आमचे खेळाचे मास्तर, धावत आले.

"बिसरामभाऊ, जाळी कुठं आहे?"

"बैलाच्या तोंडाले."

"मजाक नका करू. पाहुणे आले."

"बिना जाळीनं खेळा. रिंग आहे ना?"

सर हातापाया पडले. काकानं मान वर केली नाई. झाडू घेऊन तो माझ्या खांबाजवळ उभा राहिला.

तुम्ही म्हणान, जाळी नसली तं काय झालं? थांबा.

मॅच चालू झाली. आमच्या बाजूनं रुची कॅप्टन. उंच, दमदार. माझ्यावर इतक्या जोरानं बॉल आदळवे का वेल्डिंग दुखे. शेवटच्या घडीले आमचे एकतीस, त्यांचे तीस. गर्दी सिमेंटच्या पट्ट्यावर चढून आली होती. रेणूले डाव्या कोपऱ्यात बॉल भेटला. तोच कोपरा. समोर दोन पोरी हात वर करून. तिनं फेकला, अन् शिटी वाजली.

मित्रांनो, तो बॉल माझ्यातून गेला.

मले शिवलाबी नाई. मधोमध. खाली सरळ पडला, एक टप्पा घेतला अन् बिसरामकाकाच्या चपलीवर येऊन थांबला.

जाळी असती तं ती हलली असती. 'सर्र' झालं असतं. आंधळ्यालेबी कळलं असतं. पण जाळीच नव्हती. समोरून पाहणाऱ्याले बॉल माझ्या आतून गेला का बाजूनं गेला, कसं दिसन? अर्धे ओरडले, "गेला!" अर्धे ओरडले, "बाहेरून!" गोंदियाहून आलेले रेफ्री घड्याळाकडं पाहून राहिले होते. ते गोंधळले. कोणी कोणाची कॉलर धरली. कडेवरची लेकरं रडाले लागली.

तेव्हा रेणू मधात आली. दम लागला होता तिले.

"काकाले विचारा," ती म्हणाली. "काका खाली उभे होते. काका जे म्हणतीन ते आमाले मंजूर."

रोडवाल्यांतलं कोणी म्हणालं, "तो तं त्यांचा शिपाई आहे."

"काका खोटं नाई बोलत. विचारा."

रेफ्रींनी विचारलं. दूरचा मंडईतला भोंगा तेवढा वाजून राहिला होता.

बिसरामकाकानं वर पाहिलं. माझ्याकडं. माझ्यातून त्याले आभाळ दिसलं असन. मी ओरडून राहिली होती, काका, तुमच्या चपलीवर बॉल आहे, खाली पाहा. पण लोखंडाचं कोण ऐकते?

"बाहेरून गेला," काका म्हणाला.

रेणू भांडली नाई. तिनं मंजूर म्हणलं होतं. ती माझ्या खाली आली, खांबाले हात लावला अन् माझ्याकडं पाहत राहिली. इतका वेळ का तिच्या मैत्रिणींनी ओढून नेलं. सोडाले जाळी नव्हती म्हणून आमच्या पोरी नुसत्याच नाचल्या. रुची नागपूरले गेली, चार दिवसांत परत आली. रेणू पुढच्या महिन्यापासून कॉलेजात दिसली नाई, असं रोडवाल्या पोरीच सांगत.

त्यानंतर माझी दुपार बिघडली.

ग्राउंड रिकामं असते. सिमेंट तापलेलं. पाखरूबी नसते. अन् माझ्यातून बॉल जाते. मधोमध, न शिवता. मंग खाली एक टप्पा. एकच. दुसरा नाई येत. मी वाट पाहते, बॉल कुठं गेला म्हणून. खाली काईच नसते.

हे मले एकटीले होते असं वाटे. मंग एक दिवस काका ग्राउंड झाडून राहिला होता. त्या वक्ती टप्पा पडला, अन् काकाचा झाडू थांबला. त्यानं उजवा पाय झटक्यानं मागं घेतला. चपलीकडं पाहिलं. वर माझ्याकडं पाहिलं. मंग बाकीचं न झाडताच निघून गेला.

तेव्हापासून काका माझ्या खाली तो पाय ठेवत नव्हता. झाडताना तेवढा एक गोल सोडून देई. कचरा तिथंच राहे. पोट्टे हसत, "काकानं रिंगीची सावली झाडणं सोडलं." अन् जाळ्या? मंडईले एक जाळी लागे, काका तं उन्हाळ्यातबी विणून आणे. शिडी लावून बांधे, दोन-दोन गाठी मारे. जुनी चांगली असली तरी सोडून नवीन बांधे. भुपेंद्र सर म्हणाले, "बिसरामभाऊ, सुट्टीत कायले? खेळाले कोणी नाई."

"राहू द्या सर. दिसलं पाहिजे."

"काय दिसलं पाहिजे?"

काका गाठ मारत राहिला.

अशी नऊ वर्षं गेली. यंदा कॉलेजात काचेचे बोर्ड आले, नवीन रिंगा आल्या, दाबल्या का खाली होऊन परत वर येतात. मले कटरनं खांबापासून कापलं. काकाची नोकरीबी सरली होती, पण तो रोज येई. मले सायकल स्टँडमागं टाकलं तं तिथं येऊन बसे.

मंग यंदाची मंडई आली. तिकडं नवीन बोर्डावर मॅच चालू होती, आरडाओरडा तसाच. काका माझ्याजवळ बसून जाळी बांधून राहिला होता. भंगारात पडलेल्या रिंगीले. अकरा गाठी झाल्या होत्या. तितक्यात एक बाई गाडी लावाले मागं आली. तोंडाचा दुपट्टा सोडला. रेणू.

कोहमाऱ्याले नवऱ्यासंगं स्पेअर पार्टचं दुकान चालवते, हे बोलण्यातून समजलं. भाची आचल आता रोडवाल्यांकडून खेळते, तिले पाहाले आली होती.

"काका, ओळखलं का?"

काकाच्या हातातून सूत सुटलं.

"म्हातारे झाले तुम्ही," ती हसून म्हणाली. "अन् हे काय, रिंगीलेबी रिटायर केलं?"

"पोरी, बस जराशी."

"मॅच सुटन ना."

"बस."

ती बसली नाई, पण थांबली. काकानं माझी तिरपी कडी घट्ट धरली.

"त्या दिवशी बॉल आत गेल्ता."

तिकडं कोणीतरी पॉइंट केला. गर्दी ओरडली. रेणूनं तिकडं पाहिलं नाई.

"मले माहीत होतं," ती म्हणाली. "हातातून सुटला तेव्हाच माहीत होतं."

"मी पाहिलं होतं, पोरी. माझ्या चपलीवर आला होता."

रेणूनं काकाच्या चपलीकडं पाहिलं.

"हे नव्हतं माहीत मले. नऊ वर्षं मी मनाले सांगत होती, काकाले दिसलं नसन. जाळी नव्हती ना. काका खोटं नाई बोलत." तिनं दुपट्टा परत तोंडाले बांधला. "तेवढं एक माझ्याजवळ राहिलं होतं, काका."

काकानं हात जोडले. तिनं ते धरून खाली केले, जसे म्हाताऱ्या माणसाचे करतात. मंग मॅच पाहाले न जाता गाडी वळवली अन् रोडाकडं गेली.

काका बारावी गाठ न मारताच उठला. त्यानंतर तो आला नाई.

तर मित्रांनो, तुमच्या गावात एखादी जुनी रिंग असन तं तिले तेल लावा, तिच्या गाठी पाहा. जाळी सोभेले नसते. खाली येणारा बॉल घडीभर अडकावा अन् साऱ्यांले दिसावा, याच्यासाठी असते. अन् जिथं जाळी नसन तिथं जो खाली उभा असन त्यानं पाहिलं ते त्याच वक्ती सांगावं. रोडवाला असो का जंगलवाला. मले तोंड नव्हतं. त्याले होतं.

वेल आता जाळीतबी गुंतला आहे. दुपार झाली का बॉल अजून येते. अकरा गाठी आहेत, बारावी कडी मोकळी आहे. मी वाट पाहते, आता तरी अडकन म्हणून. नाई अडकत. जाळी हलतबी नाई.

मंग खाली तो एक टप्पा पडते.