बाबांचा आवाज जपणारी डिस्क

मित्रांनो, मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. तळहाताएवढी, काळी, एक कोपरा चेपलेली. कारखान्यात माझ्या चकत्या गरगर फिरवून तपासल्या, मला खोक्यात घातले आणि दुकानात पाठवले. तिथून दादाने मला घरी आणले.

दादा आणि त्याची बहीण छकुली दोघेही सॉफ्टवेअर लिहीत. छकुली म्हणजे कोणी लहान मूल नव्हे हं! चांगली चष्मेवाली, दादाला दटावणारी बाई. घशाच्या शस्त्रक्रियेत त्यांच्या बाबांचा आवाज कायमचा जाणार होता, म्हणून आधीच बाबांनी खोकत खोकत शेकडो शब्द रेकॉर्ड करून ठेवले. बाबांनी वाक्य टाइप केले की त्यांच्याच आवाजात ते बोलेल, असा प्रोग्रॅम ही दोघे लिहीत होती.

दादा मला संगणकाला जोडायचा आणि संगणकात जे असेल ते सगळे, जसेच्या तसे माझ्यात उतरवून ठेवायचा. त्याला स्नॅपशॉट म्हणतात. छकुलीचा भरवसा मात्र गिट नावाच्या नोंदवहीवर; तिची प्रत इंटरनेटवरही असायची. प्रोग्रॅममधली एखादी ओळ बदलली, तरी कोणी बदलली आणि का, याची नोंद ती गिटमध्ये करायची.

"दादा, ही ओळ मी का बदलली, ते तुझी डिस्क सांगेल का रे?" ती चिडवायची.

खरेच होते. मला 'का' ठाऊक नसते. हळूहळू दादाही मला विसरला. मी खणात, वायरींच्या गुंत्यात पडून राहिले.

मग एकदा अपडेट चालू असताना संगणक बंद पडला, तो उठलाच नाही. त्यातले सगळे पुसून नव्याने सुरुवात करावी लागली. छकुली निर्धास्त होती. गिटमधून प्रोग्रॅम आलाही, पण तो मुका! रेकॉर्डिंग फार जड, म्हणून तिने ती गिटमध्ये ठेवलीच नव्हती.

"दादा, बाबांचा आवाज गेला रे!"

"रडू नकोस. आधी तो खण उघड."

किती दिवसांनी मी फिरले! कुरकुरले, अडखळले. हळूहळू बाबांच्या शब्दांच्या सगळ्या फाइली पडद्यावर दिसू लागल्या. माझ्याकडचा प्रोग्रॅम मात्र फारच जुना होता. दादा ओशाळून म्हणाला, "आता तुझं गिटच हवं, बाई." नवा प्रोग्रॅम तिचा, आवाज माझ्याकडचा. दोन्ही जुळले.

बाबांनी सावकाश टाइप केले. खोलीत त्यांचा आवाज घुमला, "भांडण संपलं असेल, तर जेवायला वाढा."

छकुली हसता हसता रडू लागली.

मित्रांनो, केलेला बदल का केला ते जरूर लिहून ठेवा. पण सगळे जसे आहे तसेही दोन ठिकाणी जपा, आणि आम्हाला अधूनमधून जोडून पाहा. मी बिघडले तर दुकानात दुसरी डिस्क मिळेल. बाबांचा आवाज कुठल्या दुकानात मिळणार?