काटा मधोमध

वसराम मिस्तरीनं इंजिनवरचा जाड रबरी पाइप मुठीत धरला आणि उद्धवला गाडी चालू करायला सांगितलं. कळमनुरीहून आलेली गाडी पार थंड होईस्तोवर त्यानं दोघा नवरा-बायकोला वारंगा फाट्यावरच्या टपरीत बसवून ठेवलं होतं. जानेवारीची सकाळ होती. द्वारकाबाई शाल गुंडाळून दुसरा चहा पीत होत्या.

"हा पाइप इतक्यात कोमट व्हायला नको, काका," वसराम म्हणाला. "इंजिन तापायच्या आधीच पाणी फिरून राहिलं. टेंपरेचरचा काटा वर चढंलच कसा, अन् हिटर गरम व्हईलच कसा?"

त्यानं गाडी बंद करायला लावली आणि बोल्ट काढून झाकण उघडलं. आत काहीच नव्हतं. इंजिन तापेपर्यंत पाणी अडवून धरणारा थर्मोस्टॅट तिथं असायला हवा होता.

तो कुणी काढला, हे विचारायची गरज नव्हती. उन्हाळा आला की गाडी तापू नये म्हणून तो काढून फेकायचा, ही इकडची रीतच आहे. मे महिन्यात नांदेडहून डायलिसिस करून परतताना गाडी उकळली, आणि द्वारकाबाईंना भर उन्हात बाभळीखाली बसावं लागलं. दुसऱ्याच दिवशी उद्धवनं एका गॅरेजात तो काढून घेतला होता. त्यानंतर काटा कधी वर चढलाच नाही, आणि आपण मोठं शहाणपण केलं असं त्याला वाटत होतं.

दिवाळीनंतर द्वारकाबाईंना गाडीत हुडहुडी भरू लागली. घरीही भरायची, पण गाडीत जास्त. अंगात रक्त राहिलेलं नाही, आता अशी थंडी वाजतच राहणार, असं नांदेडच्या डॉक्टरांनी उद्धवला बाजूला घेऊन सांगितलं होतं. त्यानं मान डोलावली होती. मग एकदा त्यानं हिटरसमोर हात धरला, तर वारा गारच. त्या दिवसापासून त्यानं ती गोष्ट घट्ट धरून ठेवली. शेजारीपाजारी कुणी विचारलं, की गाडीच गार आहे, बायकोला काही झालेलं नाही, असं तो ठणकावून सांगायचा. आज डायलिसिसचा दिवस नव्हता, तरी त्यानं तिला सोबत आणलं होतं. गरम होतं की नाही, ते तिनंच सांगावं म्हणून.

झाकणाखालची रिकामी जागा पाहून त्याला हायसं वाटलं. एवढं हायसं, की बसायला त्यानं जुनं टायर ओढून घेतलं. किती महिन्यांचा थकवा होता कुणास ठाऊक.

वसरामनं नवा थर्मोस्टॅट बसवला, पाणी भरलं, आणि तिघं बाळापूरच्या रस्त्याला लागले. वसराम मागं बसला. काचा वर होत्या. काटा सावकाश उठला आणि मधोमध येऊन थांबला. उद्धवनं हिटर पूर्ण सोडला. थोड्याच वेळात गाडीत भट्टी पेटल्यागत झालं. वसरामनं कॉलरचं बटण काढलं.

द्वारकाबाईंनी तळहात जाळीसमोर धरला.

"लई गरम येऊन राहिलं," त्या म्हणाल्या.

"मंग? थंडी?"

"न्हाई वाजत आता."

त्यांनी हात मागं घेतला आणि शालीत लपवला. पाय केव्हाच सीटवर घेतले होते. मागून वसरामला शालीचा काठ थरथरताना दिसला. तो खिडकीबाहेरच्या हळदीकडं पाहू लागला.

"बराबर बसलं न ते?" उद्धवनं त्याला विचारलं.

"एकदम बराबर, काका."

बराच वेळ उद्धव नुसता काट्याकडं पाहत गाडी हाकत राहिला. मग त्यानं गाडी कडेला घेतली. त्याच्या कानशिलावरून घाम ओघळत होता. त्यानं अंगातला स्वेटर डोक्यावरून काढला. बायकोकडं न पाहताच तो तिच्या मांडीवर ठेवला.

"तुझ्यापाशी राहू दे," तो म्हणाला. "इथं ठेवाया जागा न्हाई."

मागची अर्धी सीट रिकामी होती. द्वारकाबाईंनी स्वेटर शालीवरून गळ्यापर्यंत ओढून घेतला, आणि उद्धवनं गाडी परत फाट्याकडं वळवली.