शंभरातली पंच्याण्णव शहाणी

साथीचा अंदाज बांधणाऱ्या त्या पोरीच्या अंगात ताप होता आणि डोक्यात त्याहून जास्त. तिच्या मॉडेलमध्ये साहेबांनी परस्पर एक आकडा घुसडला होता: आजारी पडली की शंभरातली पंच्याण्णव माणसं शहाण्यासारखी घरी बसतात. त्यासरशी साथीचा आलेख आडवा झाला, आणि त्याच्या जोरावर इस्पितळातला तापाचा वॉर्ड बंद होणार होता.

"साहेब, अशी माणसं राहतात कुठं?"

"लोक समजूतदार असतात गं. तू उगाच फाटे फोडतेस."

"बरं. मग उद्या मला सुट्टी द्या. ताप आहे."

साहेबांनी खुर्ची दारापर्यंत मागे नेली. "तापाला कसली सुट्टी? सगळेच घरी बसले तर ऑफिस काय मी एकट्यानं चालवू? मास्क लाव, पण ये."

ती जागेवर गेली. पंच्याण्णव खोडून तिनं साहेबांचा हाच नियम सगळ्या शहराला लावला. आलेख कागदाबाहेर गेला. तिनं खाली लिहिलं, 'वॉर्ड चालू ठेवावा,' आणि कागद सहीला नेला.

समजावून सांगायला ती जरा पुढं वाकली, तशी साहेबांनी न वाचताच सही ठोकली.