माझं शून्य त्या विहिरीत आहे

मित्रांनो, मी एक जुना पोलादी टेप आहे आणि मला शून्य नाही.

इतर टेप शून्यापासून सुरू होतात. मी सुरू होतो एकतीस सेंटिमीटरपासून. त्याआधीचा तुकडा एका विहिरीच्या तळाशी पडला आहे. तो तिथे कसा गेला आणि त्याच्यापायी भोपाळच्या एका भरल्या सभागृहात माझी फजिती कशी होता होता राहिली, ते आज तुम्हाला सांगतो. मी फुशारकी मारतो अशी माझ्याबद्दल तक्रार आहे. मारतो थोडी. पण वाढवून मात्र सांगत नाही, कारण ते टेपच्या स्वभावातच बसत नाही.

माझा जन्म कारखान्यातला. तीस मीटर लांबीची पातळ पोलादी पट्टी, तिच्यावर कोरलेले आकडे, कातडी डबी आणि गुंडाळायला पितळी दांडी. तिथून मी थेट भोपाळच्या एका सरकारी कार्यालयात आलो आणि मधुकररावांच्या हाती पडलो. मधुकरराव मूळचे नागपूरचे. नोकरीसाठी भोपाळला आले, सोनागिरी भागात घर केलं आणि तिथलेच झाले. विहिरींचं पाणी किती खोल आहे ते मोजणं हे त्यांचं काम. वर्षातून चार वेळा आम्ही जीपमधून दूरदूरच्या गावांना जायचो.

तुम्हाला वाटेल, टेप पाण्याला टेकला की झालं. पण तो नेमका कुठे टेकला हे वरून दिसत नाही. म्हणून मधुकरराव माझ्या खालच्या दोन मीटरना खडू फासत, टोकाला वजन बांधून मला विहिरीत सोडत आणि कठड्यावरच्या लाल खुणेशी माझा एक पूर्ण आकडा धरत. समजा, आठ. वर ओढल्यावर खडू जिथपर्यंत भिजला असेल तिथला आकडा वाचायचा. समजा, दीड. आठातून दीड गेले, राहिले साडेसहा. म्हणजे खुणेपासून पाणी साडेसहा मीटर खाली. इतकी साधी वजाबाकी, पण तिच्यासाठी मी किती गार पाण्यात बुचकळलो असेन!

सातपुड्याच्या पायथ्याशी, महाराष्ट्राच्या सीमेला लागून पिपरडोह नावाचं गाव आहे. तिथल्या एका विहिरीत माझं वजन दगडांच्या फटीत अडकलं. मधुकररावांनी हिसका दिला आणि मी एकतीस सेंटिमीटरवर कट्‌कन तुटलो. ते डोक्याला हात लावून कठड्यावर बसले. ज्यांची ती विहीर, त्या घरात नुकतीच लग्न होऊन आलेली सुमित्रा पाणी शेंदत होती. ती म्हणाली, "च्या घ्या साहेब. तुटलं थे तुटलं. तुमचा तुकडा आमी सांभाळून ठेवू."

कार्यालयातला भांडारपाल मला पाहून हसला. "शून्य नाही तर हा टेप कसला? बाद करा." मधुकरराव तापले. "मला दोन आकडे लागतात, शून्य लागत नाही," म्हणाले आणि माझ्या तुटक्या टोकाला भोक पाडून त्यांनी नवं वजन बांधलं. पुढे बारा वर्षं आम्ही तसंच काम केलं.

मग पाण्याला टेकताच वाजणारी यंत्रं आली. मधुकरराव निवृत्त झाले त्याच आठवड्यात मीही यादीतून बाद झालो आणि ते मला घरी घेऊन आले. त्यांच्या पत्नी कमलिनीबाई शाळेत गणित शिकवायच्या. त्यांनी आम्हा दोघांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "आता दोन-दोन निवृत्त माणसं घरात." मधुकररावांना आरामखुर्ची मिळाली. मला माळा मिळाला, जुना आकाशकंदील आणि मोडक्या कूलरची जाळी यांच्यामध्ये. मित्रांनो, खरं सांगतो, मला फार वाईट वाटलं. अंगावर गंज चढू लागला आणि माझी आठवण कुणालाच राहिली नाही.

बऱ्याच वर्षांनी एका सकाळी दारात ओळखीचा आवाज ऐकू आला.

"साहेब, वळखलं का? तुमचा टेप माह्याच विहिरीत तुटला होता."

सुमित्रा आली होती. केस पांढरे झाले होते, बोलणं तेच होतं. पिपरडोहला लागून कोळशाची उघडी खाण होणार होती. जमिनीला मोठा खड्डा पाडून खोल खोल जायचं आणि खड्ड्यात झिरपणारं पाणी पंपांनी सतत उपसत राहायचं, अशी ती खाण. तसं झालं तर आसपासच्या सात गावांच्या विहिरींचं पाणी तिच्यात उतरणार होतं. पण कंपनीच्या अहवालात लिहिलं होतं की इथलं पाणी मुळात अठरा मीटर खाली आहे, विहिरींना काही होणार नाही.

"माही विहीरच बारा मीटर खोल हाय," सुमित्रा म्हणाली. "पानी अठरावर असन तं मी रोज काय गोटे शेंदते?"

कमलिनीबाई खळखळून हसल्या. मधुकरराव हसले नाहीत. त्यांनी स्टूल घेतलं, माळ्यावरून मला काढलं आणि मशीनचं तेल लावून माझा एकेक मीटर पुसला. पण डोळ्यांची दोन ऑपरेशनं झाली होती, माझे आकडे त्यांना नीट दिसेनात.

"माझ्याच्यानं आता होणार नाही," ते म्हणाले. "तूच मोज. वर्षभर, दर महिन्याला, सातही गावांत."

"मी चवथी शिकली साहेब. पॉइंटचे हिसाब मले नाई येत."

"ते माझ्याकडे लागलं," कमलिनीबाई म्हणाल्या. दोन दिवस जेवणाच्या टेबलावर पोह्यांच्या बश्या बाजूला सारून वजाबाकी चालली. नऊमधून एक पॉइंट चौऱ्याहत्तर, आठमधून दोन पॉइंट शून्य नऊ. सुमित्रा हातचा विसरली की बाई टेबलावर बोट आपटायच्या. तिसऱ्या दिवशी सुमित्रा मला पिशवीत घालून जवाहर चौकात गेली, खडूची दोन खोकी घेतली आणि आम्ही बस पकडली.

कित्येक वर्षांनी मी पुन्हा पाण्यात उतरलो. गार, काळंभोर, ओळखीचं पाणी! मला रडू आलं असेल तर ते कुणाला कळलं नाही, कारण मी भिजलेलोच होतो.

पहिल्याच महिन्यात सुमित्राची चूक झाली. तिच्या विहिरीचा आकडा अचानक दोन मीटर खाली गेला. घाबरून तिनं फोन लावला. मधुकररावांनी एकच विचारलं, "मोजायच्या आधी मोटर चालू होती का?"

"हो. सकाळपासून गव्हाला पानी चालू होतं."

"मग तू विहीर नाही मोजलीस, मोटर मोजलीस," ते ओरडले. "दमलेली विहीर मोजायची नसते. रात्रभर तिला हात लावू नका, पहाटे मोज."

त्या दिवसापासून मोजणीच्या आदल्या संध्याकाळी सातही गावांत मोटारी बंद राहू लागल्या. पहाटे बाया कठड्याशी जमायच्या. आकडा आला की सुमित्रा तो गेरूनं कठड्यावरच लिहायची, म्हणजे येताजाता सगळ्यांना दिसेल. तिच्या विहिरीत जानेवारीत पाच मीटर, मेच्या शेवटी नऊ, भाद्रपदात दोनच. वर्षभरात एकदाही, एकाही विहिरीत, अठरा आला नाही. ज्यांनी आयुष्यात कधी हरकतीचा अर्ज लिहिला नव्हता, त्यांनी त्या आकड्यांखाली सह्या आणि अंगठे केले.

मग भोपाळमध्ये तज्ज्ञांच्या समितीपुढे दोन्ही बाजू मांडायचा दिवस आला. पिपरडोहहून चाळीस माणसं आली, बाग सेवनिया भागात कुणाकुणाच्या नातेवाइकांकडे उतरली. मधुकरराव आणि कमलिनीबाई मागच्या रांगेत बसले. सुमित्रानं मला समितीच्या टेबलावर ठेवलं आणि कठड्यांचे फोटो मांडले.

कंपनीचा इंजिनिअर उठला. त्यानं मला उघडलं, टोक पाहिलं आणि सगळ्यांना दिसेल असं उंच धरलं.

"मैडम, ये देखिए. टेप टूटा हुआ है. इसमें ज़ीरो ही नहीं है. साल भर के सारे आँकड़े ग़लत."

सभागृहात हशा पिकला. मित्रांनो, मला लाजेनं गुंडाळून घ्यावंसं वाटलं, पण दांडी त्याच्या हातात होती. माझ्यामुळे सात गावांचं पाणी जाणार, असंच मला त्या क्षणी वाटलं. मधुकरराव ताडकन उठले. कमलिनीबाईंनी त्यांची बाही ओढली. "बसा. तिला बोलू द्या."

सुमित्रानं डोक्यावरचा पदर सारखा केला.

"साहब, सीढ़ी है. नौवीं पायरी पे आप खड़े हो, दूसरी पे मैं. बीच में कितने का फरक?"

"सात का," इंजिनिअर म्हणाला.

"अब नीचे की पहली पायरी टूट गई. फरक कम हो गया क्या?"

 समितीच्या अध्यक्षबाई पुढे वाकल्या. "आमच्या आवारात जुनी विहीर आहे," त्या हिंदीत म्हणाल्या. "दोघांनी मोजून दाखवा."

सगळं सभागृह उठून विहिरीपाशी आलं. इंजिनिअरनं कठड्यावर खूण करून आपलं नवंकोरं यंत्र सोडलं. ते पाण्याला टेकून वाजलं. सात मीटर सव्वीस. मग सुमित्रानं माझ्या अंगाला खडू फासला, त्याच खुणेशी नवाचा आकडा धरला आणि मला सोडलं. वर आलो तेव्हा खडू एक पॉइंट चौऱ्याहत्तरपर्यंत भिजला होता. तिनं उरलेल्या खडूनं कठड्यावरच वजाबाकी मांडली. मागून कमलिनीबाई पुटपुटल्या, "हातचा, हातचा..."

ती विसरली नाही. सात पॉइंट सव्वीस.

अध्यक्षबाईंनी माझं तुटकं टोक हातात घेऊन पाहिलं. मी त्या वेळी लखलखलो असतो, पण अंगावर गंज होता. सुमित्रा इंजिनिअरकडे वळली.

"अब एक बात आप बताओ साहब. वो अठारह मीटर आपने गाँव के बाहर के बोअर पे नापा था. नापने से पहले मोटर कितनी देर बंद थी?"

त्यानं कागद चाळले. पुन्हा चाळले. शेवटी म्हणाला, "ये दर्ज नहीं है."

"मग तुमी पानी नाई मोजलं," सुमित्रा आपल्या बोलीत म्हणाली. "तुमी मोटर मोजली."

गर्दीच्या मागून मधुकररावांनी एवढ्या जोरात टाळी वाजवली की शिपाई धावत आला.

समितीनं अहवाल परत पाठवला आणि खाणीला परवानगी दिली नाही. कंपनी नवा अहवाल घेऊन पुन्हा येईल, असं लोक म्हणतात. खुशाल येऊ दे. आता सात गावांत सात बाया पहाटे विहीर मोजतात आणि गेरूचा आकडा कधी पुसट होऊ देत नाहीत. मी सुमित्राच्या घरात खुंटीला असतो. मधुकररावांनी मला कायमचं तिला देऊन टाकलं, फक्त दर महिन्याला फोन करून माझ्या अंगाला तेल लावलं का, एवढं विचारतात.

मित्रांनो, तुमच्याही घराजवळ एखादी विहीर असेल. तिच्यात वाकून पाहा, खडू आणि टेप घेऊन मोजा आणि आकडा सगळ्यांना दिसेल असा लिहा. तिचं पाणी किती आहे हे तुम्हालाच ठाऊक नसेल, तर ते कुणीही तुम्हाला सांगेल आणि तुम्हाला मान हलवावी लागेल.

आणि माझ्यासाठी एवढंच मागतो. माझं शून्य सुमित्राच्या विहिरीच्या तळाशी दगडांच्या फटीत आहे. इतके कडक उन्हाळे गेले, पण ते एकदाही उघडं पडलं नाही. मला ते परत नको. ते पुन्हा कधीच कुणाच्या नजरेला पडू देऊ नका.