दोन खोल्यांमधलं दार

भिंतीवरच्या सांबराचा डावा काचेचा डोळा उजव्यापेक्षा किंचित फिका होता. मूळचा हरवल्यावर कुणीतरी हाताला लागेल तो बसवला असावा. शिकार करणाऱ्या साहेबाचं राज्य बुडालं, तरी सांबराची नोकरी चालूच होती.

"तुझ्या बाबांसारखंच," आई कुजबुजली. "डोळे उघडे, पण लक्ष कुठेच नाही."

बाबा खरंच पेंगत होते. रात्रभर घोरणारे ते, आणि जागी राहणारी आई. माझ्या लग्नानंतर माझी खोली रिकामीच आहे, तिथे झोपत जा, असं मी तिला कित्येक वर्षं सांगतेय. ती "बघू" म्हणते. बाबा म्हणतात, "या वयात वेगळ्या खोल्या? शोभतं का?"

साहेबांचा हा उन्हाळी बंगला आता तिकीट काढून बघता येतो. गाईडने आम्हाला साहेबांच्या शयनगृहातून पलीकडे मडमेच्या शयनगृहात नेलं.

"म्हणजे दोघं वेगळे झोपायचे?" आईने विचारलं.

"हो. मोठ्या घरांत तशीच पद्धत होती."

"भांडण होतं का?"

"छे हो. सात मुलं झाली."

आईने माझ्याकडे पाहिलं.

गाईडने मधल्या जाड दारावर थाप मारली. "हे लावलं, की इकडचा शब्द तिकडे—"

तेवढ्यात साहेबांच्या खोलीतून घरघर ऐकू आली. आमच्या सहलीतल्या एका बाईंनी नवऱ्याचा दंड घट्ट धरला. "अगं बाई, भूत!"

"भूत कसलं, आमचे हे," आई म्हणाली.

दोरीपलीकडे, साहेबांच्या पलंगावर, बूट नीट जोडीने खाली काढून ठेवून बाबा आडवे झाले होते. गाईड धावला. आईने त्याला दारातच अडवलं.

"थांबा जरा."

तिने दार लावलं. शांतता. उघडलं. घरघर. पुन्हा लावलं. इतका स्वच्छ निकाल मला प्रयोगशाळेत क्वचितच मिळतो.

"अहो बाई, तो पलंग दीडशे वर्षांचा आहे!"

"मग आणखी दोन मिनिटं टिकेल."

शेवटी गाईडने दार ढकललंच. गलक्याने बाबा उठून बसले, केस विस्कटलेले.

"काय झालं? बस सुटली?"

सगळी मंडळी कान टवकारून उभी होती. आईने पदर सारखा केला.

"अहो," ती म्हणाली, "आज रात्रीपासून मी पोरीच्या खोलीत झोपणार."